जुन्या लष्करी रायफलीच्या नळीचं तोंड: काउंटरबोअर आणि इतर दुरुस्त्या कशा ओळखायच्या

मोसिन-नागांत ९१/३० या जुन्या सोव्हिएत लष्करी रायफलीच्या नळीत समोरून डोकावलं आणि रायफलिंगचे, म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचे, पीळ तोंडापर्यंत येतच नाहीत असं दिसलं, की नवा खरेदीदार बहुधा दोनांपैकी एक गोष्ट धरून चालतो. एक तर वापरून वापरून नळी झिजली आहे, नाहीतर कोणीतरी ड्रिल घालून तिची वाट लावली आहे. पुष्कळदा दोन्ही अंदाज चुकतात. आयुधशाळेतल्या माणसाने विचारपूर्वक केलेली ती दुरुस्ती असते. तिचं नाव काउंटरबोअर. नळीच्या तोंडाकडचा झिजलेला भाग आतून थोडा रुंद करून टाकायचा, म्हणजे गोळीचा रायफलिंगशी शेवटचा संबंध चांगल्या, न झिजलेल्या जागी सुटतो. बाहेरून रायफल आहे तेवढीच लांब राहते. खरं तोंड मात्र एखादा इंच आत सरकलेलं असतं.

म्हणून अशी रायफल तपासताना बाहेरच्या टोकावरून मत बनवायचं नाही. रायफलिंग जिथे संपते, तिथे नजर पोहोचवायची. ते कसं करायचं, दुसऱ्या दुरुस्त्या कोणत्या, आणि कोणत्या रायफलीला हात जोडून परत ठेवायचं, ते क्रमाने पाहू.

तोंडाला एवढं महत्त्व कशासाठी

रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात आणि त्या खाचांमध्ये उंचवटे. खाचांना ग्रूव्ह आणि उंचवट्यांना लँड म्हणतात. उंचवटे गोळीच्या अंगात रुततात आणि तिला फिरवतात. गोळी नळीतून सुटते त्या क्षणी तिच्या मागे प्रचंड दाबाचा वायू असतो, आणि बाहेर पडताच तो गोळीपेक्षा वेगाने तिच्या बाजूने पुढे निघतो. नळीची शेवटची कड सगळीकडे सारखी असेल तर वायू गोळीच्या बुडाला चहूबाजूंनी एकाच वेळी सुटतो. कड एका बाजूला बसकी किंवा घासलेली असेल तर त्या बाजूने वायू आधी निसटतो, बुडाला तिरका धक्का बसतो आणि गोळी डुलत निघते. या शेवटच्या कडेलाच क्राउन म्हणतात.

नेमबाजीच्या दृष्टीने गोळीचं टोक थोडं चेपलं तरी चालून जातं, बूड वाकडं चालत नाही. नळीचंही तसंच. मधल्या भागात काळे खड्डे पडलेली नळी कितीदा तरी छान मारते, आणि आरशासारखी चमकणारी नळी क्राउनवरच्या एका टोल्याने गोळ्या भलतीकडे टाकते. चमक बघून भुलणारे लोक या एका बाबतीत हमखास फसतात.

झीज येते कुठून

गोळ्या मारल्याने तोंड झिजतं हा समज फार पसरलेला आहे. गोळीबाराची झीज मुख्यतः मागच्या बाजूला, काडतुसाच्या खोलीच्या पुढे होते, कारण ज्वाळा आणि उष्णता तिथे सगळ्यात जास्त असते. तोंड झिजतं ते सफाईने.

मोसिनच्या नळीखाली सफाईचा पोलादी गज लावलेला असतो. तो समोरून घालून पुढेमागे केला की गजाचा दांडा तोंडाच्या कडेवर घासतो. दांड्याला चिकटलेली धूळ आणि जळका मळ पॉलिशपेपरचं काम करतो. मोसिनच्या सफाईच्या संचात हे टाळायला तोंडावर बसवायची एक छोटी टोपीसुद्धा असे. तिच्या भोकातून गज घातला की तो मधोमध चालतो. पण थंडीत, चिखलात, घाईत ती टोपी दर वेळी कोण लावणार? शिवाय काडतुसांच्या जुन्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे एक प्रकारचं मीठच, मागे राहतं. ते हवेतली ओल ओढतं आणि पोलाद गंजायला सुरुवात होते. त्यामुळे सफाई टाळणं हा पर्यायच नव्हता. भरपूर सफाई, पोलादी गज आणि टोपीविना हात: झीज यातून आली.

अमेरिकन एम१ गरँडची अडचण वेगळी. तिच्या रिसीव्हरची, म्हणजे नळी आणि बोल्ट जिथे बसतात त्या सांगाड्याची, मागची बाजू बंद असल्यामुळे गज मागून घालताच येत नाही, तोंडाकडूनच सफाई करावी लागते. सिमोनोवच्या एसकेएस या सोव्हिएत रायफलीचंही तसंच. ली-एनफिल्डसाठी ब्रिटिशांनी पुलथ्रू, म्हणजे वजन लावलेली दोरी, दिली होती. दोरीला चिंधी अडकवायची, वजन मागून नळीत सोडायचं आणि दोरी समोरून ओढून घ्यायची. कल्पना उत्तम. पण माणूस दोरी सरळ न ओढता खाली, स्वतःकडे ओढतो. वाळू लागलेली दोरी मग तोंडाच्या एकाच बाजूला घासत राहते, आणि तिथे एक गुळगुळीत चर पडतो. गजाची झीज बहुधा गोलाकार, कर्ण्यासारखी उघडत जाणारी असते. दोरीची झीज एकतर्फी असते. हा फरक डोळ्यांत बसवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जर्मनांनी १९३४ मध्ये आणलेल्या आरजी ३४ संचात दोरीच्या जागी साखळी होती. तीही ओढायचीच, तेव्हा हात तिरका गेला तर व्हायचं ते होतंच.

आयुधशाळेपुढचे पर्याय

झिजलेल्या तोंडाची रायफल कारखान्यात परत आली, की कारागिरापुढे मोजकेच रस्ते असतात.

झीज अगदी वरवरची असेल तर फक्त क्राउन नव्याने काढायचा. लेथवर टोक सपाट करून कडेला गोलाई किंवा उतार द्यायचा. लष्करी रायफलीला सहसा बाहेरून गोल उतरता क्राउन असतो, कारण रायफल आपटली तरी आतली कड वाचते. नेमबाजीच्या रायफलींना ११ अंशांचा आत उतरणारा क्राउन देण्याची पद्धत बरीच रूढ आहे.

झीज एखादा इंच आत गेली असेल, तर नळी कापून आखूड करणं हा सगळ्यात सरळ उपाय वाटतो. पण लष्करी रायफलीवर तो सरळ राहत नाही. नळीच्या टोकाशी माशी, म्हणजे नेम धरायचं पुढचं टोक, बसवलेली असते, संगीन तिथेच अडकते, खालच्या गजाची लांबी ठरलेली असते. नळी कापली की माशी मागे आणावी लागते, मागच्या साइटचं गणित बिघडतं, संगीन बसेनाशी होते. लाखो रायफली दुरुस्त करून कोठारात ठेवायच्या असतात तेव्हा प्रत्येक रायफल वेगळ्या लांबीची करून चालत नाही. काउंटरबोअरने हा तिढा एका झटक्यात सुटतो: बाहेरचं काहीच हलत नाही.

कापण्यातला दुसरा धोका इटालियन कार्कानोमध्ये नीट दिसतो. तिच्या मूळ नळीचा पीळ मागून पुढे हळूहळू घट्ट होत जातो. लांब १८९१ च्या रायफली कापून ९१/२४ नावाची आखूड कार्बाइन केली, तेव्हा नेमका सगळ्यात घट्ट पिळाचा तुकडा कापून गेला. उरलेला सैल पीळ गोळीला पुरेसा फिरवत नाही. अशी कार्बाइन चांगली मारत नसेल तर तिच्या क्राउनला दोष देऊन उपयोग नाही.

याखेरीज दोन मार्ग उरतात. नळी आतून मोठी करून तिच्यात नवी अस्तर-नळी बसवायची, किंवा सरळ नवी नळी लावायची. ब्रिटिश आर्मररचा, म्हणजे लष्करी शस्त्र-कारागिराचा, कल दुसऱ्याकडे असे. ठरलेल्या जाडीचे प्लग गेज, म्हणजे मापाच्या पोलादी कांड्या, घालून पाहायचे, नळी नापास झाली की बदलायची. म्हणून काउंटरबोअर ज्या सहजतेने मोसिनमध्ये सापडतं तसं ली-एनफिल्डमध्ये सापडत नाही. सापडलं तर मी आधी ते खाजगी काम समजतो आणि तपासणी दुप्पट कडक करतो.

काउंटरबोअर प्रत्यक्षात कसं करतात

तुम्ही स्वतः करणार नसलात तरी हे माहीत हवं, कारण चांगल्या आणि वाईट कामातला फरक यातूनच कळतो.

पहिली गोष्ट केंद्राची. नळीचा बाहेरचा गोल आणि आतलं भोक यांचं केंद्र एकच असतं असं धरून चालता येत नाही. जुन्या लष्करी नळ्यांमध्ये तर मुळीच नाही. म्हणून लेथवर नळी बाहेरच्या गोलावरून पकडून थेट काम केलं तर नवं भोक एका बाजूला सरकतं. जाणता कारागीर आतल्या भोकाला प्रमाण मानतो: भोकात घट्ट बसणारी खुंटी घालतो, इंडिकेटरने, म्हणजे बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने, तिचा डगडगाट बघतो आणि तो शून्यावर आल्यावरच हत्यार लावतो. किंवा पुढे मार्गदर्शक खुंटी असलेला रीमर, म्हणजे भोक रुंद करायचं पात्यांचं हत्यार, वापरतो. खुंटी लँडवर टेकून चालते आणि पाती तिच्याच केंद्रावर फिरतात.

दुसरी गोष्ट व्यासाची. नवं भोक ग्रूव्हच्या व्यासापेक्षा मोठं हवं, नाहीतर गोळी त्याच्या भिंतीला घासेल. मोसिनची नळी लँडवर ७.६२ मिलिमीटर आणि ग्रूव्हवर साधारण ७.९ मिलिमीटर असते. काउंटरबोअर साडेआठ-नऊ मिलिमीटरच्या आसपास आढळतं. खोली झिजेवर अवलंबून: कुठे एक सेंटिमीटर, कुठे चार.

तिसरी गोष्ट तळाची. रुंद भोक जिथे संपतं तिथे एक पायरी तयार होते, आणि नवा क्राउन तोच. पायरी नळीशी काटकोनात, स्वच्छ आणि कोरेविना हवी. कोर म्हणजे धातू कापताना कडेला उभी राहणारी बारीक धार. ती तशीच राहिली तर सगळी मेहनत फुकट, कारण सुटणाऱ्या गोळीच्या बुडाला ती ओरखडते.

वेगाची चिंता करू नये. रायफलिंग एका इंचाने कमी झाली तर वेग सेकंदाला साधारण सहा ते नऊ मीटरने उतरतो. ९१/३० ची नळी ७३० मिलिमीटर लांब असते, तिला हे जाणवतसुद्धा नाही.

तपासणी, पायरी पायरीने

पायरी १: रायफल रिकामी करा. मॅगझिन उघडा, बोल्ट पूर्ण बाहेर काढा, काडतुसाच्या खोलीत डोळ्याने आणि बोटाने दोन्ही प्रकारे खात्री करा. विक्रेत्याने आत्ताच तपासली असली तरी पुन्हा करा. बोल्ट बाहेर आल्याशिवाय नळीच्या तोंडाशी चेहरा न्यायचा नाही.

पायरी २: तोंडाची बाहेरची कड बघा. चेपलेले टोले, तिरकी घासलेली जागा, फाइलच्या खुणा. काउंटरबोअर असेल तर या बाहेरच्या टोल्यांना फारसा अर्थ उरत नाही, पण रायफल कशी वागवली गेली ते कळतं. फाइलच्या ताज्या खुणा दिसल्या तर मला रायफलीपेक्षा विक्रेत्याबद्दल जास्त प्रश्न पडतात.

पायरी ३: उजेड. हीच खरी पायरी, तिला वेळ द्या. छोटा टॉर्च मागच्या बाजूने काडतुसाच्या खोलीत धरा आणि समोरून, तोंडापासून दीडेक फुटावरून पाहा. न बदललेल्या तोंडात पीळ थेट कडेपर्यंत येताना दिसतात. झिजलेल्या तोंडात ते टोकाशी येता येता विरतात, लँड उतरत जाऊन ग्रूव्हमध्ये मिसळतो, आणि कुठे संपला ते नेमकं सांगता येत नाही. काउंटरबोअरमध्ये पीळ एकाएकी तुटतो. आत एक चमकदार कडं दिसतं, त्याच्या पुढे गुळगुळीत भिंत. विरणं म्हणजे झीज, तुटणं म्हणजे दुरुस्ती.

आता टॉर्च समोर आणा आणि तिरका धरून रायफल हळूहळू फिरवा. कड्याची रुंदी सगळीकडे सारखी दिसते का? एका बाजूला जाड आणि समोरच्या बाजूला बारीक असेल तर भोक केंद्रातून सरकलं आहे. थोडासा फरक चालतो, कारण काउंटरबोअरची भिंत गोळीला लागत नाही. पण पायरीच तिरकी असेल, म्हणजे एक लँड दुसऱ्याच्या आधी संपत असेल, तर ती रायफल गोळ्या विखुरणार. स्वस्तातला यूएसबी एंडोस्कोप, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेला छोटा कॅमेरा, असेल तर हे काम फार सोपं होतं. चारही लँडची टोकं एकेक करून पडद्यावर बघता येतात.

पायरी ४: काउंटरबोअर किती खोल आहे ते मोजा. व्हर्नियर कॅलिपरची मागची पट्टी आत सोडा आणि ती पायरीवर टेकेपर्यंत न्या. पट्टी अरुंद असते, पायरीवरून घसरून नळीत जाऊ शकते, म्हणून दोन-तीन जागी मोजा. कॅलिपर नसेल तर लाकडी काडीला कागदाची पट्टी गुंडाळून काउंटरबोअरमध्ये जेमतेम बसेल पण नळीत जाणार नाही अशी जाडी करा, आत सरकवा आणि तोंडाशी नखाने खूण धरा. पोलादी खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू नका. ज्या कडेचं आरोग्य तपासायला आलो तिलाच ओरखडा पाडून जाणारे महाभाग मी पाहिले आहेत.

एक-दोन मिलिमीटर खोलगट असेल तर तो काउंटरबोअर नसून आत घेतलेला क्राउन असण्याची शक्यता जास्त.

पायरी ५: कापसाची काडी. कान साफ करायच्या काडीचा कापूस पायरीच्या आत, नळीत, अर्धा इंच सरकवा आणि सरळ बाहेर ओढा. मग काडी थोडी फिरवून पुन्हा ओढा. असं पूर्ण गोल. कड स्वच्छ असेल तर कापूस गुळगुळीत बाहेर येतो. जिथे कोर किंवा टोला असेल तिथे तो किंचित अडकतो आणि पांढरा तंतू कडेवर लटकत राहतो. टॉर्चच्या उजेडात तो तंतू बरोबर कोणत्या लँडवर आहे ते दिसतं. डोळ्याला न दिसलेला दोष या दोन मिनिटांत सापडतो.

पायरी ६: गोळीची चाचणी, आणि तिचा गैरसमज. दुकानात काडतूस उलटं धरून गोळीचं टोक तोंडात घालून बघतात. गोळी अडली आणि काडतुसाची मान व तोंड यांत बरीच फट राहिली तर तोंड शाबूत. गोळी मानेपर्यंत आत गेली तर झिजलेलं. काउंटरबोअर असलेल्या नळीत ती मानेपर्यंत जाणारच! तिथे अडवायला रायफलिंगच नाही. या एका कारणाने चांगल्या रायफली मोडीत काढल्या जातात आणि एखादा माहीतगार त्या आनंदाने उचलतो. ही चाचणी करायचीच असेल तर मूळ तोंडावर करा, जिवंत काडतूस न वापरता निष्क्रिय डमी वापरा, आणि दोन रायफलींची तुलना एकाच प्रकारच्या गोळीने करा. लांब निमुळती आणि बुटकी गोळी यांचे निकाल जुळत नाहीत.

गरँडसाठी निमुळता तोंडगेज मिळतो. तो समोरून आत सोडायचा आणि कुठल्या रेषेवर अडतो ते वाचायचं. इंचाच्या हजाराव्या भागात झीज कळते. तोही झीज नसलेलं काउंटरबोअर आणि झिजलेलं तोंड यांत फरक करू शकत नाही, तेव्हा गेजच्या आधी टॉर्च.

पायरी ७: फुगवटा शोधा. नळीत चिखल, बर्फ किंवा विसरलेली चिंधी असताना गोळी मारली तर ती जागा फुगते. आतून बघताना आरपार एक काळपट गोल वलय दिसतं, बाहेरून दोन बोटांत नळी धरून सरकवली तर किंचित उंची लागते. घट्ट चिंधी गजाने मागून ढकलत नेली तर त्या जागी ती एकदम सैल होते. वलय आणि काउंटरबोअरची पायरी यांत गल्लत करू नका: पायरीच्या पुढे रायफलिंग नसते, वलयाच्या दोन्ही बाजूंना असते. फुगवटा असलेली नळी मी घेत नाही आणि दुसऱ्याला घ्यायला सांगत नाही.

पायरी ८: ग्रूव्हचा व्यास. नरम शिशाची गोळी नळीतून ढकलून मिळालेला ठसा मोजतात. काउंटरबोअर असेल तर ती मागून ढकला, म्हणजे आतल्या कडेला त्रास होत नाही. मोसिनमध्ये चार ग्रूव्ह समोरासमोर असतात, साधा मायक्रोमीटर पुरतो. ली-एनफिल्डच्या नेहमीच्या नळीत पाच असतात. एका ग्रूव्हसमोर लँड येतो, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरचा आकडा कमी येतो आणि माणूस चुकीच्या व्यासाच्या गोळ्या घेऊन बसतो. त्यासाठी व्ही-आकाराच्या आधारावर मोजणारा मायक्रोमीटर लागतो.

स्वीडिश मॉझरमध्ये यातला काही भाग कारखान्यानेच करून ठेवलेला असतो. दस्त्यावरच्या पितळी चकतीवर नळीचा व्यास आणि तिच्या आतल्या भागाची प्रत खुणेने नोंदलेली असते. मात्र चकती लावल्यानंतर रायफलीचं काय झालं ते चकती सांगत नाही.

मैदानावर

कागदावरचे छेद खोटं बोलत नाहीत, पण काय विचारायचं ते कळलं पाहिजे. सोव्हिएत पुस्तिकेप्रमाणे १०० मीटरवर चार गोळ्या १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडल्या की रायफलीची गोळ्या एकत्र टाकण्याची क्षमता ठीक मानली जाई. मोसिनची ही चाचणी संगीन लावून होत असे. तेव्हा काउंटरबोअर केलेल्या मोसिनकडून स्पर्धेच्या रायफलीचा गट, म्हणजे छेदांचा तितका घट्ट पुंजका, मागणं अन्यायाचं आहे. संगीन न लावता मारलं तर गोळ्यांची जागा एका बाजूला सरकते. तो नेम दुरुस्त करण्याचा प्रश्न आहे, तोंडाचा नाही. पाहायचं ते गटाचं पसरणं.

काही गोळ्या मारल्यावर आतली कड पुन्हा पाहा. चांगल्या क्राउनवर काजळीची नक्षी ग्रूव्हच्या संख्येइतक्या पाकळ्यांची आणि सारखी उमटते. एका बाजूची पाकळी लांब, दुसरीकडची तुटकी असेल तर वायू कुठून आधी निसटतो ते समोरच लिहिलेलं असतं. छेदांचा आकारही बघा. गोळी तिरकी लागून लंबगोल छेद पडत असतील तर ती नीट स्थिर होत नाही. तेव्हा गोळीचा व्यास आणि तोंड दोन्ही संशयाखाली येतात.

काउंटरबोअर असलेल्या नळीची निगा

ही जागा मळ साठवण्यात पटाईत असते. नेहमीचा ब्रश नळीच्या मापाचा असतो. तो पायरीच्या पुढे रुंद जागेत पोहोचला की भिंतीला टेकतच नाही. पायरीच्या कोपऱ्यात काजळी आणि मीठ बसून राहतं, आणि नवा क्राउन नेमका तिथेच. म्हणून दोन ब्रश ठेवा: नळीसाठी तिच्या मापाचा आणि काउंटरबोअरसाठी ९ मिलिमीटर पिस्तुलाचा. दुसरा समोरून हाताने घालून फिरवायचा, नळीत दामटायचा नाही.

जुन्या प्रायमरची काडतुसं मारली असतील तर मीठ पाण्यातच विरघळतं. तेलात विरघळत नाही, पेट्रोलमध्ये नाही. अमोनियाने मीठ मारलं जातं अशी एक समजूत टिकून आहे. काम करतं ते त्यातलं पाणी. गरम पाणी फनेलने मागून ओता, समोरून वाहू द्या, काउंटरबोअर वेगळं धुवा. पोलाद गरम असल्यामुळे लगेच सुकतं. मग कोरडी चिंधी, मग तेल. पायरीचा कोपरा कोरडा झाला का हे कापसाच्या काडीने बघा. तिथे एक थेंब हमखास लपतो. दोन दिवसांनी पुन्हा एकदा चिंधी फिरवा. तांबूस आली तर मीठ राहिलं होतं.

गज शक्यतो मागून, मार्गदर्शक नळीतून घाला. चिंधी पायरीच्या पुढे आली की ती काढून टाका आणि मगच गज मागे घ्या. मळकी चिंधी परत ओढताना आतल्या कडेवरून घासून येते. गरँड आणि एसकेएसला मागून वाव नाही, तिथे तोंडावर पितळी किंवा प्लास्टिकचा मार्गदर्शक लावल्याशिवाय गजाला हात लावू नका.

दुरुस्ती करायची की नाही

गट पसरतोय म्हणून लगेच तोंडावर जाऊ नका. आधी दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का, नळी पुढच्या बाजूला लाकडाला एकाच ठिकाणी दाबते आहे का, माशी हलते का, काडतुसांचा गठ्ठा बदलला का, हे बघा. मग गोळ्यांच्या आवरणाचं नळीत साठलेलं तांबं काढा. यातलं काहीच खर्चाचं नाही आणि बरेच आजार इथेच बरे होतात.

त्यानंतरही काजळीची नक्षी वाकडी आणि कापूस अडकत असेल तर फक्त क्राउन साफ करून घ्या. गोल डोक्याचा पितळी स्क्रू आणि लॅपिंग पेस्ट (घासून गुळगुळीत करायचा लेप) लावून कडेची कोर घालवण्याची जुनी युक्ती उथळ दोषावर चालते. स्क्रू फिरवताना सतत कलता ठेवायचा, नाहीतर एकाच जागी चर पडतो. काउंटरबोअरच्या तळाशी मात्र ती नीट चालत नाही, कारण हात कलवायला जागा नसते. तिथे खुंटीचा रीमर आणि परवाना असलेला बंदूक-कारागीर हवा. त्याला एकच प्रश्न विचारा: केंद्र कशावरून धरणार? बाहेरच्या गोलावरून असं उत्तर आलं तर रायफल उचलून घरी या.

आधीच काउंटरबोअर झालेल्या नळीत पुन्हा थोडं खोल जाता येतं, भिंत जाड असेल तोवर. मोसिनच्या तोंडाचा बाहेरचा व्यास साधारण १५ मिलिमीटर असतो, नऊचं भोक धरलं तरी दोन्ही बाजूंना जवळजवळ तीन मिलिमीटर पोलाद उरतं. कापून आखूड करायचं असेल तर आधी तुमच्या देशातला कमीत कमी लांबीचा नियम पाहा. अमेरिकेत रायफलीच्या नळीसाठी ती मर्यादा १६ इंच आहे. आणि रायफल मूळ क्रमांकांची, न छेडलेली असेल तर कापू नकाच. संग्राहकाच्या दृष्टीने काउंटरबोअर ही आयुधशाळेची नोंद असते आणि थोडी किंमत कमी करते, खाजगी करवत सगळी किंमत घालवते.

विकत असाल तर काउंटरबोअरची खोली आधीच सांगा. घेत असाल आणि विक्रेता ती सांगत नसेल, तर कापसाच्या काड्या आणि टॉर्च खिशात असू द्या. आतला क्राउन स्वच्छ, पायरी सरळ, नळीत फुगवटा नाही, एवढं जमलं तर बाहेरच्या टोकावरचे टोले मी मोजत बसत नाही. पायरी तिरकी असेल तर भाव कितीही पाडून मिळाला तरी पुढचा खर्च नव्या नळीचा आहे असं धरूनच बोला.